एकशे एकसष्ट मीटर

नियम असा, की दोन डब्यांमध्ये
निदान एकशे एकसष्ट मीटर अंतर हवं.
मी बैठकीत वाचून दाखवला, तर राउनीला हसू आवरेना.
आमच्या कुइक्काव्हारात दोन चुलींमध्येसुद्धा
याहून जास्त अंतर पडतं.

बैठक म्हणजे आम्ही सातजण, बंद शाळेत,
पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून.
तळ्याकाठच्या अकरा केबिनी रिकाम्या.
दुकान गेलं, मग पेट्रोलपंप गेला.
लॅपलँडकडे निघालेले टूरिस्ट
आमच्या पाटीपाशी येऊन फक्त वेग वाढवतात.
"डबे लपवू या," राउनी म्हणाली,
"माणसं शोधायला येतात. जर्मनीहूनसुद्धा.
नकाशावर ठिपका दिसला की पुरे."
रिकामे डबे? सेप्पोने विचारलं.
रिकामे कसे, आत वही असते.
नाव लिहायला.

मे महिनाभर गाव लपवत सुटलं.
हेरिंगच्या बरण्या, फिल्मच्या डब्या, गोळ्यांच्या बाटल्या;
पुलाखाली लोहचुंबकाने, धक्क्याच्या फळीखाली दोरीने.
सेप्पोने बर्चच्या ओंडक्याला बिजागरी बसवली
आणि ती घरोघरी दाखवत फिरला,
त्यामुळे लपवायचं तेवढं राहून गेलं.
इल्पोने एकच डबा मागितला.
एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस.
अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दिले, मी संगणकात भरले.
सातच्या पोटात आडवी रेघ द्यायला तो विसरतो.
म्हणजे, मला तसं वाटलं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी तीनशे बारा माणसं आली.
डासांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं.
वेलचीचे पाव दहाच्या आत संपले,
सॉसेज आणायला सत्तर किलोमीटर गाडी पिटाळली.
कुणी वाकलेलं, कुणी झाडावर, कुणी गटारात पालथं;
ब्र्नोच्या दोघी बहिणी पुलाखाली उतरल्या
त्या ओल्या मोज्यांनी, विजयी मुद्रेने वर आल्या.
रात्री अकराला ऊन होतं आणि केबिनींचे दिवे तरीही लागलेले.
मी ते उगाच दोनदा मोजले.

फक्त अठ्ठ्याण्णव नंबर सापडेना.
आकडे लोकांना नेत होते रस्ता संपतो तिथे,
त्युनेच्या बटाट्यांत.

त्युने शहाऐंशीची. तिच्या अंगणात शेवटची गाडी
मार्चमध्ये आली होती, बर्फ काढायची.
खिडकीतून तिने पाहिलं : नऊ माणसं
लाकडांच्या ढिगाखाली हात घालतायत,
एक मुलगा तिच्या टपालपेटीत डोळा लावून उभा.
ती बाहेर आली. काय हरवलंय?
डबा, मुलगा म्हणाला.
ती आत गेली, बराच वेळ आलीच नाही,
मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली,
आत सगळी बटणं.
"हा का?"

मुलाने आईकडे पाहिलं.
आईने बटणांकडे.
"हाच," आई म्हणाली.

वही नव्हती, म्हणून त्युनेने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.
शनिवारच्या चौकोनात नऊ नावं मावली,
नंतरचे लोक रविवारात शिरले, सोमवारात शिरले,
संध्याकाळपर्यंत जून भरला.
कॉफी तिने चार वेळा टाकली.
साखर संपल्यावर कुणीतरी खिशातून गोळ्या काढल्या.

मी इल्पोला गाठलं सॉसेजच्या रांगेत.
तो आकडा एक होता की सात?
"एकतीस वर्षांत," तो म्हणाला,
"माझं एक पत्र चुकीच्या दारात गेलेलं नाही,"
आणि जास्तीची मोहरी मागितली.

आता पत्र आलंय, रीतसर :
अठ्ठ्याण्णव क्रमांकाची जागा दुरुस्त करावी.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.
परवा म्हणे टार्टूहून एक बाई आली,
एकटी, पावसाचा कोट घालून, डब्याचं विचारत.
त्युनेने तिला बसवलं आणि विचारलं,
डोळे कसे आहेत तुझे?
सुईत दोरा ओवता येईल का?